जिभेची साक्ष

२४ मे, घरून

दादा,

फोन तू उचलत नाहीस, आणि परवापासून तर तो वाजतसुद्धा नाही. म्हणजे माझा नंबरच बंद करून टाकलायस. ठीक आहे. पत्र काही बंद करता येत नाही. वहिनीच्या माहेरचा पत्ता माझ्याकडे आहे. तू फाडून टाकलंस तर वहिनी तुकडे जोडून वाचेल, तिचा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे. वहिनी, नमस्कार.

माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकते. मला फक्त एक खरं उत्तर हवंय. तेरा मेच्या सकाळी तू मिक्सर धुतलास, त्यानंतर धुण्याचा सोडा निघून जावा म्हणून साधं पाणी किती वेळा फिरवलंस? नियम तीन वेळांचा आहे. चौकशीत तू तीन म्हणालास. पण सतरा वर्षं एकच काम करणाऱ्याचा हात कधीतरी आळसावतोच. त्या दिवशी लाइन उशिरा सुरू झाली होती, सुपरवायझर डोक्यावर उभा होता. एकदाच पाणी फिरवून तू पीठ ओतलंस, असं झालं असेल तर मला सांग. मी कुणाला सांगणार नाही. आता सांगून होणार तरी काय आहे?

अकरा वर्षं मी रोज सकाळी साडेनऊला त्या पांढऱ्या खोलीत बसून बिस्किटं चावते आणि थुंकते. "पगार घेऊन थुंकणारी आमची मनी," असं तू सगळ्या कारखान्याला सांगत फिरायचास. नोकरी तू लावलीस, हे खरं. लहानपणी दूध हुंगल्याशिवाय मी पेल्याला तोंड लावायचे नाही म्हणून मनी हे नावही तूच ठेवलंस, आणि त्याच नाकाच्या भरवशावर साहेबांकडे शब्द टाकलास. पण जानेवारीत मला चवीच्या खोलीची प्रमुख केली ती माझ्या जिभेमुळे. तुझ्यामुळे नाही. हे तू कधी मोठ्याने बोलला नाहीस, म्हणून मीच लिहून ठेवते.

त्या दिवशी एका नव्हे, तीन बॅचना लोखंडाची चव होती. गंजका खिळा तोंडात धरावा तशी. बाकी तिघींनी 'ठीक' लिहिलं. प्रयोगशाळेचा कागदही स्वच्छ आला. पण प्रमुख नाही म्हणाली की माल बाहेर जात नाही, हा नियम मी केलेला नाही. मी नाही म्हणाले. सगळा माल गुरांच्या खाद्यात गेला, लाइन बंद ठेवली, दोन दिवसांनी चौकशी बसली, पीठ तपासलं, तेल तपासलं, भट्टी तपासली, आणि शेवटी उरला तुझा मिक्सर, कारण धुण्याचा सोडा आत राहिला तरी अशी चव येते. साहेबांनी मला विचारलं, "बाई, खात्री आहे?" मी म्हणाले, "शंभर टक्के." तू समोरच बसला होतास. "तीनदा धुतला," यापलीकडे एक शब्द बोलला नाहीस. एरवी चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस नोकरी जाताना असा गप्प बसतो? तेव्हाच मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

उत्तर पाठव. आई बरी आहे. तुझं नाव काढत नाही, पण जेवताना तुझी खुर्ची कुणाला ओढू देत नाही.

तुझी,
मनी


६ जून, घरून

दादा,

कार्ड मिळालं. "तीनदा धुतला होता. पुन्हा विचारू नको." एवढ्या दोन वाक्यांसाठी तिकीट लावलंस! आणि अक्षर तुझं नाही. 'ध'ला अशी शेपटी फक्त वहिनी काढते. मग हे बोललास तू, की तिनेच तुझ्या वतीने ठरवून टाकलं? खरं बोलणाऱ्याला स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहायला काय होतं?

खाली बारीक अक्षरात वहिनीने स्वतःचंही घुसवलंय. तू पिठाच्या गोदामात पोती उतरवतोस म्हणे. तीन बेकऱ्यांत जाऊन आलास, तिन्हीकडे पहिला प्रश्न एकच, आधीच्या ठिकाणाहून का काढलं? 'घाणेरडं काम' असा शेरा असलेल्या माणसाला कुणी मिक्सरजवळ उभं करत नाही. वहिनी, हे मला टोचावं म्हणूनच लिहिलंयस, कळतं मला. टोचलं. कार्ड उलटं करून ठेवलं.

आता मी एक गोष्ट सांगते, तिचा अर्थ लगेच काढू नकोस. गेल्या चार-पाच दिवसांपासून घरच्या पाण्यालाही तीच लोखंडी चव लागतेय. प्रथम मला टाकीचा संशय आला. टाकी धुऊन घेतली. मग पेल्याचा आला. पेला बदलला, काचेचा घेतला. मग आईचा आला, म्हटलं हिने औषधाची गोळी माठात तर टाकली नाही ना! आई तेच पाणी घटाघट प्यायली आणि म्हणाली, "पाण्याला पाण्याची चव आहे. तुझ्याच तोंडाचं काहीतरी बघ."

तोंडाचं मी बघितलं. दाताच्या डॉक्टरकडे गेले. दात ठणठणीत आहेत. हिरड्याही. त्यांनी विचारलं, "आणखी काही त्रास?" मी म्हटलं, नाही. मळमळ नाही, सुस्ती नाही, काही नाही. त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं." डॉक्टर लोकांचं हे 'बरं' मला मुळीच आवडत नाही.

तर सांगायचं एवढंच की हे आत्ताचं आहे, जूनमधलं. तेरा मेचा आणि याचा संबंध नाही. तू उगाच जोडू नयेस म्हणून आधीच लिहिलं.

तुझी,
मनी


१५ जून, घरून

दादा,

तुला वाटलं असेल, हिला कुणीही न विचारता ही खुलासे का करतेय. वहिनीला तर नक्कीच वाटलं असेल. मग ऐका दोघं. मला दिवस गेलेत.

मागचं पत्र लिहिलं तेव्हा मला हे माहीत होतं. सत्तावीस मेला घरीच चाचणी केली होती, पट्टीवर दोन रेघा आल्या होत्या. कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. गेल्या वेळी सगळ्यांना सांगून बसले आणि पंधरा दिवसांत सगळं हातातून गेलं, तेव्हा मला दवाखान्यात कुणी नेलं होतं हे तू विसरला नसशील. तू मला उचलून जिना उतरलास आणि रिक्षात सगळा वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून बसलास. मी विसरलेले नाही. म्हणून तर ही असली पत्रं लिहिताना मला माझाच राग येतो, आणि मग तो मी तुझ्यावर काढते.

तर मुद्दा. दिवस गेले की कित्येकींच्या तोंडाची चव जाते, लोखंड चघळल्यासारखं लागतं, हे मला आत्ता कळलं. चवीच्या खोलीत अकरा वर्षं काढून कळलं नाही, कारण तिथे पोटुशीला बसूच देत नाहीत. रोज सकाळी आत जाण्याआधी एक चिठ्ठी भरावी लागते. सर्दी, दातदुखी, औषध, पाळी, गर्भ. मी पाचही रकान्यांत 'नाही' लिहिते. अजूनही लिहिते. हे वाक्य वाचून झालं की विसर.

म्हणजे प्रश्न असा उरला. तेरा मेला माझ्या जिभेला लागलं ते लोखंड बिस्किटातलं होतं की माझ्यातलं? भावाला हे लिहिताना कान गरम होतायत, पण चौकशीत माझी जीभ साक्षीला उभी होती, तेव्हा तिची उलटतपासणी व्हायलाच हवी. तुझे मेहुणे लांब पल्ल्याच्या बर्फाच्या गाडीवर असतात, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस घरी. एप्रिलमध्ये सहा-सात तारखेला आले होते, मेमध्ये चार-पाचला. एप्रिलच्या एकोणीसला माझी पाळी आली. दोनच दिवस, नावापुरती, पण आली. म्हणजे एप्रिल बाद. राहिला मे. पाच मे ते तेरा मे, आठ दिवस.

मग मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीला विचारायचंय, गर्भ राहिल्यावर किती दिवसांनी शरीराला कळायला लागतं?"

त्या म्हणाल्या, "लगेच काही कळत नाही हो. गर्भाला पिशवीत रुजायलाच सहा ते बारा दिवस लागतात. तो रुजला की मग रक्तात फरक पडायला सुरुवात होते. कुणाला छाती जड वाटते, कुणी उगाच थकते. मळमळ, वास सहन न होणं, तोंडाची चव जाणं, हे बहुतेकींना पाळी चुकण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर. म्हणजे गर्भ राहिल्यापासून दोन आठवडे, चार आठवडे, असं काहीही."

"आणि आठव्या दिवशी?"

"आठव्या दिवशी तोंडाला लोखंड? प्रत्येक बाई वेगळी, अगदी अशक्य असं मी म्हणणार नाही. पण मला पटत नाही. आणि तुमच्या मैत्रिणीला सांगा, इथे वजनकाट्यावर उभी राहा, रक्त द्यायचंय आणि वीस तारखेला सोनोग्राफी करायचीय."

मी उभी राहिले. लपवून काय उपयोग होता!

कळलं का दादा? आठ दिवसांत जीभ बिघडत नाही. म्हणजे माझी जीभ त्या दिवशी शाबूत होती. घरचं पाणी लोखंडी लागायला लागलं ते नंतर. तेव्हा आता तरी सरळ सांग. मी तुझ्या जागी असते तर सांगून मोकळी झाले असते, असं लिहिणार होते, पण वर काय काय लपवल्याचं लिहिलंय ते पाहता हे वाक्य शोभणार नाही.

तुझी,
मनी


२३ जून, घरून

दादा,

हे पत्र तीनदा सुरू करून फाडलं.

सोनोग्राफी झाली. पडद्यावर बघून तिथल्या बाई म्हणाल्या, "साडेबारा आठवडे." मी म्हटलं, "नीट बघा, साडेसहा असतील." त्या म्हणाल्या, "ताई, बाळ सहा सेंटिमीटरचं आहे. साडेसहा आठवड्यांचं वाटाण्याएवढं असतं." मी म्हटलं, मशीन जुनं असेल. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. हात हलवत होतं. बाहेर आल्यावर पहिला विचार आला तो हाच, की हे मशीनही तुझ्या बाजूने फितूर झालंय.

बसथांब्यावर बसून बोटांवर मोजलं. साडेबारा आठवडे मागे गेले की चोवीस मार्च येतो. चोवीस मार्चला तुझे मेहुणे हजार मैल लांब होते! माझं मला ठाऊक आहे, दुसरं काही असणं शक्य नाही, पण कागदावरचा आकडा बघून त्यांनीही बोटं मोजली तर? मी तुझ्याबाबतीत आकड्यांवरून जे केलं तेच त्यांनी माझ्याबाबतीत केलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? त्या थांब्यावर दोन बस सोडल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तो हिशेब सोडवला. हसल्याच त्या. म्हणाल्या, "आठवडे आम्ही गर्भ राहिल्यापासून मोजत नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. म्हणजे पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच. ते वजा करा." वजा केले. साडेदहा आठवडे. सात एप्रिल. तुझे मेहुणे घरी होते.

"पण एकोणीस एप्रिलला मला पाळी आली होती," मी म्हटलं.

"किती दिवस? कशी?"

"दोनच दिवस. जराशीच."

"ती पाळी नव्हतीच. गर्भ रुजण्याच्या सुमारास कुणाकुणाला असं थोडंसं दिसतं, आणि बायका तीच पाळी धरून चालतात. तुम्ही काही पहिल्या नाही."

मग मी विचारलंच. सात एप्रिल धरला तर तेरा मेला किती होतात? त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. "पाच आठवडे." आणि पाच आठवड्यांनी तोंडाची चव जाऊ शकते? "जाऊ शकते काय? चव जायची नेमकी वेळच ती," त्या म्हणाल्या.

आईला सगळं सांगावंच लागलं. ती म्हणाली, "मला तुझ्या आधी कळलं होतं. एप्रिल संपतानाच तू चहा अर्धा टाकायला लागलीस." मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? "तू कुणाचं ऐकतेस?" म्हणाली. तिच्यावरही माझा विश्वास नाही. निकाल लागल्यावर सगळ्यांनाच आधी कळलेलं असतं.

पण दादा, एक लक्षात घे. माझी जीभ बिघडलेली होती म्हणजे तू तीनदा धुतलंस, असं सिद्ध होत नाही. माझी जीभही बिघडलेली असू शकते आणि तुझा मिक्सरही घाण असू शकतो. दोन्ही एकाच दिवशी खरं असायला काय हरकत आहे? हे मी स्वतःलाच सांगतेय, हे तुला कळेल. पण तूर्त माझ्याकडे उभं राहायला एवढीच जागा आहे.

मनी


११ जुलै, कारखान्याच्या कँटीनमधून

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनीचंही नाही, म्हणजे प्रकरण खरंच हाताबाहेर गेलंय. तिची चार टोचरी वाक्यं आली असती तरी बरं वाटलं असतं.

इथे काय चाललंय ते सांगते. तेरा मेपासून मी एकही बिस्किट खऱ्या अर्थाने चाखलेलं नाही. सगळीच लोखंडी लागतात, त्यात बरं काय नि वाईट काय! मग मी काय करते? माझ्या समोर चष्मेवाली बसते, चौघींतली सगळ्यात नवी. तिची जीभ चांगली आहे. काही खटकलं की तिची उजवी भुवई वर जाते. भुवई खाली असली की मी 'ठीक' लिहिते, वर गेली की 'पुन्हा तपासा'. दोन महिने अख्ख्या कारखान्याचा माल त्या पोरीच्या भुवईवर बाहेर जातोय आणि सही माझी आहे. साहेब परवा म्हणाले, बाई, हल्ली तुमचे निकाल अगदी अचूक येतायत.

गेल्या सोमवारी हात धुताना तिने मला गाठलं. ती तशी मवाळ आहे, पण त्या दिवशी चष्मा काढून पुसत पुसत म्हणाली, "ताई, राग मानू नका. तुम्ही चावायच्या आधी माझ्याकडे बघता."

मी म्हटलं, "तुला संशय यायला लागलाय वाटतं माझा?"

"यायला लागलाय नाही, मेपासून आहे. त्या दिवशी आम्ही तिघींनी 'ठीक' लिहिलं होतं. आम्हाला खरंच काही लागलं नव्हतं ताई. पण तुम्ही प्रमुख. आम्हाला वाटलं आमचीच जीभ कच्ची. मी दोन रात्री झोपले नाही. दादांनी मला मिक्सरची खोली दाखवली होती हो पहिल्या दिवशी, केवढ्या कौतुकाने."

मी नळ बंद केला आणि तिला सगळं सांगितलं. इतके दिवस तुला लिहीत होते, पण कारखान्यातल्या कुणाला तोंडावर सांगायची ही पहिलीच वेळ. ती बाकावर बसली. मला वाटलं आता ही धावत साहेबांकडे जाणार. ती म्हणाली, "राखीव डबा आहे की!"

तुला माहीत नसेल, मिक्सरवाल्यांना त्याचं काम पडत नाही. प्रत्येक बॅचचा एक डबा बंद करून थंड खोलीत वर्षभर ठेवतात, टाकून दिलेल्या मालाचासुद्धा. तेरा मेचे तिन्ही डबे तिथे आहेत. माझी चव परत आली की मी ते पुन्हा चाखू शकते. डॉक्टरीणबाई म्हणतात, चौथा-पाचवा महिना लागला की बहुतेकींची चव ठिकाणावर येते.

मी साहेबांना सांगितलं. पण अर्धंच. दिवस गेलेत एवढंच सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं, तिथल्या तिथे मला चवीच्या खोलीतून काढलं आणि पॅकिंगला बसवलं. तात्पुरतं, म्हणाले. किती महिने झाले, असं त्यांनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मला वाटतं. त्यांनी विचारलं नाही आणि मी गप्प बसले. आता मला तुझ्या त्या गप्प बसण्याबद्दल काही बोलायचा अधिकार राहिला नाही.

एक मात्र मनात येतं आणि जात नाही. चव परत आली आणि त्या डब्यातलं बिस्किट खरंच लोखंडी निघालं, तर मला आनंद होईल. सख्खा भाऊ खोटारडा निघावा म्हणून मी वाट बघतेय. हे लिहून टाकलं, कारण हे वाचून तुला राग आला तर निदान काहीतरी तरी येईल.

मनी


१४ ऑगस्ट, घरून

दादा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. वहिनी, त्याला वाचायला लाव.

गेल्या आठवड्यात सकाळी आईने चहा दिला आणि तो चहासारखा लागला. मी दुसरा कप मागितला. मग साखर चाखली, मीठ चाखलं, दूध चाखलं, कोथिंबिरीचं पान चावलं. सगळं आपापल्या जागी परत आलं होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि आईला वाटलं चहा बिघडला.

त्याच दिवशी साहेबांकडे गेले आणि उरलेलं अर्धं सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. म्हणाले, "बाई, ते प्रकरण मिटलंय. कशाला उकरता?" मी म्हटलं, तुमच्यासाठी मिटलंय. तो पोती उचलतोय.

काल चाचणी झाली. ती कशी करतात ते सांगते, म्हणजे मी काही हातचलाखी केली असा संशय नको. तीन बशा ठेवतात. दोन बशांत एकाच बॅचची बिस्किटं, तिसऱ्या बशीत वेगळ्या बॅचचं. कुठली वेगळी ते ओळखायचं. बशांवर नुसते आकडे, आणि आकड्यांचा कागद साहेबांच्या खिशात. चष्मेवालीला मीच बाहेर उभं करायला सांगितलं, तिची भुवई नको म्हणून. आधी माझी जीभ तपासली. मुद्दाम चिमूटभर सोडा जास्त घालून भाजलेलं बिस्किट तिसऱ्या बशीत ठेवलं होतं. सहा वेळा ठेवलं, सहाही वेळा मी ओळखलं. साहेब म्हणाले, जीभ परत आली तुमची.

मग तेरा मेचे डबे फोडले. समोर बारा मेचं चांगलं बिस्किट. तीन डबे, प्रत्येकाला सहा फेऱ्या. अठरा वेळा मी चावलं, थुंकलं, चूळ भरली. जीव तोडून शोधलं दादा. खोटं नाही सांगत, लोखंडाचा एक कण सापडावा म्हणून डोळे मिटून शोधलं. मला वेगळी बशी ओळखता आली नाही. अंदाजाने बोट दाखवलं, तेही अठरापैकी बारा वेळा चुकलं, न चाखता बोट ठेवलं तरी एवढंच चुकतं. बिस्किटं सारखी होती. चांगली होती. मिक्सर स्वच्छ होता.

कागदावर 'फरक नाही' लिहिताना साहेब म्हणाले, "विचार करा. हे लिहिलंत तर प्रमुख म्हणून तुम्हाला परत घेता येणार नाही." मी सही केली. पण मला वाटलं होतं तेवढं हलकं वाटलं नाही, कारण त्या कागदावर माझी चूक एका आजारासारखी दिसत होती. बाई पोटुशी होती, जीभ बिघडली होती, तिला कळलं नाही. सगळे मला समजून घ्यायला तयार होते. साहेबांनी तर स्वतः खुर्ची पुढे केली. म्हणून मी दुसरा कागद मागितला.

त्यावर जे लिहिलं ते तुला आधी सांगायला हवं होतं. पंधरा मेला, चौकशीच्या दिवशी सकाळी, मी दात घासून चूळ भरली, तर नळाच्या पाण्याला तीच लोखंडी चव होती. सहा जूनच्या पत्रात मी 'गेल्या चार-पाच दिवसांपासून' असं लिहिलं, ते खोटं होतं. मी बेसिनपाशी उभी राहिले. दुसरी चूळ भरली. तिसरी भरली. दिवस गेलेत हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण बिघाड माझ्या तोंडात आहे हे मला तिथेच कळलं. त्यानंतर मी केस विंचरले, डबा भरला, बस पकडली, आणि दोन तासांनी तुझ्यासमोर बसून साहेबांना म्हणाले, शंभर टक्के.

का म्हणाले, ते मी तीन महिने स्वतःला विचारतेय. तीन बॅच गुरांना घातल्यावर 'माझं चुकलं' म्हणायचं धाडस नव्हतं, हे एक. आणि दुसरं, हॉलमध्ये शिरताना मागून कुणीतरी कुजबुजलं, "भाऊ आहे, सोडेल बघ." मला ते सहन झालं नाही. अकरा वर्षं 'तुझी बहीण' म्हणून मला ओळखणाऱ्यांना मला दाखवायचं होतं की मी कुणाची कुणी नाही. दाखवलं.

आणि मग मी दिवस मोजत बसले. आठ की पस्तीस, एप्रिल की मे. डॉक्टरीणबाईंना छळलं, मशीनवर संशय घेतला, आईवर घेतला, तुझ्या अक्षरावर घेतला. लक्षणं कधी सुरू होतात, हे मला आता एखाद्या डॉक्टरइतकं पाठ आहे. त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पहिल्या दिवशी जीभ चुकली, ती माझी चूक नव्हती. तिसऱ्या दिवशी जीभ चुकलेली नव्हती. ती खोटं बोलली.

दोन्ही कागदांच्या नकला सोबत आहेत, शिक्क्यासकट. तिसरा कागद कंपनीचा आहे. तुझ्या नावावरचा शेरा काढून टाकलाय, आणि मिक्सरवर तुझी जागा तुझ्या जुन्या हुद्द्यासकट मोकळी ठेवलीय. तुला यायचं नसेल तर तो कागद कुठल्याही बेकरीत दाखव, तेवढ्याने काम होईल. मला दोन वर्षं चवीच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. तिथे आता चष्मेवाली बसते.

बाळाबद्दल मी इथे काहीच लिहीत नाही. लिहिलं तर तुला वाटेल, ही मामाला मऊ करायला बघतेय. तुला असं वाटणं चूक नाही, संशय घ्यायला मीच शिकवलंय.

आलास तर एक सांगून ठेवते, म्हणजे तुला अवघड होणार नाही. मागचं दार बंद केलंय, मिक्सरकडे जायला आता पॅकिंगच्या हॉलमधून जावं लागतं. मी खिडकीजवळच्या टेबलाशी उभी असते. थांबायलाच हवं असं नाही.

तुझी,
मनी